युरोपातल्या कामगार संघटना खरंच कायदे करतात का?

प्रश्न असा आहे: "युरोपात प्रत्येक उद्योगाच्या पातळीवर 'सोशल डायलॉग' चालतो आणि त्यात कामगार संघटना बसतात, असं वाचलं. त्या तिथे नक्की करतात काय? कायदे खरंच बनवतात का? आणि तिकडे नोकरीला जाऊ बघणाऱ्या माझ्यासारख्याला याचा काही उपयोग आहे का?"

सोशल डायलॉग म्हणजे युरोपीय संघाच्या पातळीवर मालक आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून केलेली चर्चा आणि वाटाघाटी. थोडक्यात सांगायचं तर संघटना त्यात कायदा बनवू शकतात, काही वेळा बनवलाही आहे. पण सही केलेला करार कायदा होणार की कागदावरच राहणार, हे त्यांच्या हातात नसतं. तुमच्या पगाराशी या टेबलाचा जवळजवळ संबंध नाही. तो दुसऱ्या टेबलावर ठरतो.

मी बँकेत होतो आणि संघटनेचं काम बरीच वर्षं केलं. आपल्याकडे बँकांत एका बाजूला इंडियन बँक्स असोसिएशन आणि दुसऱ्या बाजूला संघटना बसतात. 1966 साली पहिला द्विपक्षीय करार झाला आणि तेव्हापासून मूळ पगार, महागाई भत्ता, रजा, बदल्या असं सगळं त्याच टेबलावर येतं. ही सवय डोक्यात घेऊन मी युरोपातल्या बँकिंग समितीचे कागद वाचायला घेतले, तर पगाराचा आकडाच कुठे सापडेना. नोकऱ्यांवर डिजिटल बदलांचा काय परिणाम होईल, घरून काम कसं करायचं, अलीकडे 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता, यांवरची संयुक्त निवेदनं मात्र होती.

याचं कारण युरोपीय संघाच्या मूळ करारातच आहे. कामगारविषयक बाबतीत संघाने कशाकशात लक्ष घालायचं, याची यादी कलम 153 मध्ये आहे आणि त्याच कलमाच्या शेवटी चार गोष्टी स्पष्ट वगळल्या आहेत: पगार, संघटना करण्याचा हक्क, संप आणि टाळेबंदी. संघटनेचं काम केलेल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं ते कळत नाही. आपल्या मागणीपत्रातलं पहिलं पान आणि शेवटचं हत्यार, दोन्ही बाहेर! मग ब्रुसेल्समध्ये, म्हणजे संघाच्या मुख्यालयात, उरतं काय? सुरक्षितता, कामाचे तास, प्रशिक्षण, माहिती आणि सल्लामसलतीचे हक्क. हेही कमी नाही.

ही व्यवस्था 1985 पासून आकाराला आली. युरोपीय आयोगाचे (कायद्यांचे प्रस्ताव आणणारी संघाची कार्यकारी यंत्रणा) तेव्हाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी ब्रुसेल्सजवळच्या वाल दुशेस इथे मालक आणि कामगार संघटनांना एकत्र बसवलं. पुढे 1991 मध्ये दोन्ही बाजूंनी मिळून एक मसुदा दिला आणि तो युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराला जोडला गेला. आज तो कलम 154 आणि 155 च्या रूपात आहे. कामगारांविषयी कायदा करायचा तर आयोगाने आधी दोन्ही बाजूंना दोनदा विचारायचं. त्या म्हणाल्या, "थांबा, आमचं आम्ही बघतो", तर त्यांना वाटाघाटींसाठी नऊ महिने मिळतात. करार झाला की दोन वाटा. एक, आपापल्या देशात आपणच तो राबवायचा. दुसरी, दोघांनी मिळून आयोगाला विनंती करायची, आयोगाने तो मंत्रिपरिषदेपुढे (सदस्य देशांच्या मंत्र्यांपुढे) ठेवायचा आणि त्याचं डायरेक्टिव्ह व्हायचं. डायरेक्टिव्ह म्हणजे सर्व सदस्य देशांनी ठरलेल्या मुदतीत आपल्या कायद्यात उतरवायचंच असा आदेश.

उद्योगनिहाय समित्यांना आजचं रूप आलं ते आयोगाच्या 1998 च्या निर्णयाने. आता चाळीसहून जास्त समित्या आहेत. रेल्वे, बँका, रसायनं, बांधकाम या अपेक्षित आहेत. पण मासेमारी, चामडं, नाटक-संगीताचे प्रयोग, केशकर्तन यांच्याही आहेत. साखर उद्योगाची आहे (आपल्याकडच्या साखर कामगारांच्या त्रिपक्षीय समितीची आठवण झाली, पण तिकडे सरकार तिसरा पक्ष म्हणून सही करत नाही). आणि व्यावसायिक फुटबॉलचीसुद्धा आहे! खेळाडूंची संघटना तिथे कामगार संघटना म्हणून बसते. खेळाडूंच्या करारात किमान काय असायलाच हवं, यावर 2012 मध्ये तिथे सह्या झाल्या.

कुठल्याही देशातली संघटना उठून तिथे जाऊन बसू शकत नाही. जागा असते ती युरोपीय महासंघाला: कारखान्यांसाठी इंडस्ट्रिऑल युरोप, वाहतुकीसाठी ईटीएफ, सार्वजनिक सेवांसाठी एप्सू, बँका-दुकानं-सेवांसाठी युनी युरोपा, अन्न-शेती-हॉटेलांसाठी एफॅट. महासंघाच्या सभासद संघटना एकाहून अधिक देशांतल्या असाव्या लागतात आणि त्यांना आपापल्या देशात वाटाघाटी करण्याचा अधिकार असावा लागतो. हे तपासायचं काम डब्लिनजवळची युरोफाउंड ही संस्था करते. मुंबईच्या कापड गिरण्यांत 1946 च्या कायद्याने एका उद्योगात मान्यता एकाच संघटनेला मिळे आणि 1982 च्या संपात कामगार एकीकडे व मान्यता दुसरीकडे अशी गत झाली. ब्रुसेल्समध्ये एका समितीत दोन-तीन महासंघ बसू शकतात, म्हणून तो पेच तसा येत नाही. तिथला पेच निराळा असतो. अनेकदा कामगार संघटना तयार असते आणि समोरच्या खुर्चीवर बसायला मालकांची संघटनाच नसते, किंवा असली तर म्हणते, "आम्ही चर्चा करू, करार करणार नाही."

आता कायद्यांकडे वळतो. मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली सुईची. इस्पितळात इंजेक्शन दिल्यावर सुई टोचून जखमा होतात. परिचारिकांना, सफाई कामगारांना, कपडे धुणाऱ्यांना. युरोपात अशा घटना वर्षाला दहा लाखांच्या घरात होतात, असा अंदाज तेव्हा दिला जात असे. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची भीती त्यात आलीच. युरोपीय संसदेने 2006 मध्ये कायदा मागितला, आयोगाने दोन्ही बाजूंना विचारलं. इस्पितळांच्या मालकांची हॉस्पीम आणि कामगारांची एप्सू यांनी स्वतः वाटाघाटी करून जुलै 2009 मध्ये करारावर सह्या केल्या. मे 2010 मध्ये त्याचं डायरेक्टिव्ह झालं आणि देशांना मे 2013 पर्यंतची मुदत मिळाली. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सुरक्षित बनावटीच्या सुया घ्यायच्या, टाकायला योग्य डबे हाताशी ठेवायचे, गरज असेल तिथे हिपॅटायटिस बीची लस मोफत द्यायची. शिवाय टोचलं म्हणून कळवणाऱ्या कर्मचाऱ्यालाच दोषी धरायचं नाही. हे शेवटचं वाक्य कुठल्याही सरकारी बाबूला सुचलं नसतं. ते वॉर्डात काम केलेल्या माणसांनीच टेबलावर आणलं असणार, असं माझं मत आहे.

दुसरी केशकर्तनाची. सतत ओले हात, शाम्पू आणि रंगातली रसायनं, दिवसभर उभं राहणं. त्यामुळे या धंद्यात त्वचेचे आणि सांध्यांचे आजार फार. युनी युरोपा आणि मालकांची कॉइफ्युर ईयू यांनी एप्रिल 2012 मध्ये आरोग्य-सुरक्षेचा करार केला. त्यात न घसरणाऱ्या चपला-बुटांचाही मुद्दा होता. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी लगेच "ब्रुसेल्स आता उंच टाचांवर बंदी घालणार" अशी टर उडवली. आयोग तेव्हा नियमांचं ओझं कमी करण्याच्या मोहिमेत होता, आणि 2013 मध्ये त्याने जाहीर केलं की या करारावर प्रस्ताव आणणार नाही. दोन्ही बाजूंनी मजकूर पुन्हा लिहून 2016 मध्ये पुन्हा सह्या केल्या. तरी डायरेक्टिव्ह झालं नाही. मालकही राजी, कामगारही राजी, आणि अडलं कुठे तर मधल्या टपालात!

तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण ती न्यायालयात गेली. केंद्र सरकारांच्या कर्मचाऱ्यांना पुनर्रचनेआधी माहिती मिळावी आणि त्यांच्याशी सल्लामसलत व्हावी, असा करार डिसेंबर 2015 मध्ये झाला. खाजगी क्षेत्रातल्या कामगारांना हे हक्क युरोपीय कायद्याने आधीच होते; सरकारी कर्मचारी त्यातून निसटलेले होते. मार्च 2018 मध्ये आयोगाने तो मंत्रिपरिषदेकडे पाठवायला नकार दिला. म्हणणं असं की सरकारी कारभाराची रचना प्रत्येक देशाची स्वतःची बाब आहे. एप्सू न्यायालयात गेली. 2019 मध्ये हरली, अपील केलं, आणि 2 सप्टेंबर 2021 रोजी युरोपीय न्यायालयाने अंतिम निकाल आयोगाच्या बाजूने दिला. दोन्ही बाजूंनी मागणी केली म्हणून आयोग बांधील ठरत नाही, प्रस्ताव आणायचा की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो.

माझ्या मते या निकालाने व्यवस्थेचा कणाच मऊ झाला. मालकाला जर ठाऊक असेल की करार झाला तरी आयोग तो बाजूला ठेवू शकतो, तर तो वाटाघाटींना गांभीर्याने का बसेल? आयोगाच्या बाजूने एवढं म्हणता येईल की दोन खाजगी संघटनांनी सह्या केल्या म्हणून सगळ्या युरोपावर कायदा लादणं हेही लोकशाहीला धरून नाही. मुद्दा खोटा नाही. पण मग कलम 155 मध्ये ती दुसरी वाट ठेवलीच कशाला?

गोदी कामगारांचं उदाहरण इथे बोलकं आहे. जहाज कंपन्यांना आपल्याच खलाशांकडून माल उतरवून घ्यायची मुभा देणारा प्रस्ताव आयोगाने दोनदा आणला. दोन्ही वेळा युरोपभर बंदरं थांबली आणि संसदेने 2003 मध्ये व पुन्हा जानेवारी 2006 मध्ये तो फेटाळला. बंदरांची समिती सुरू झाली ती त्यानंतर, 2013 मध्ये. आणि 2017 चा बंदर-सेवांचा नियम आला तेव्हा मालाची चढउतार बाजार खुला करण्याच्या तरतुदींतून बाहेर ठेवलेली होती. खुर्ची मिळण्याआधीच ताकद दाखवून झाली होती, हा क्रम मला लक्षात ठेवण्यासारखा वाटतो.

आता पगाराचं टेबल. ते देशोदेशी आहे आणि त्यात इतका फरक आहे की "युरोपात असं असतं" हे वाक्यच बोलू नये. ऑस्ट्रियात जवळजवळ सगळे कामगार सामूहिक कराराखाली (संघटना आणि मालक यांच्यातला पगार-अटींचा करार) येतात, कारण तिथे मालकांना व्यापार-उद्योग मंडळाचं सभासदत्व सक्तीचं आहे. फ्रान्समध्ये दहातला एकच कामगार संघटनेचा सभासद असेल, तरी करार बहुतेक सगळ्यांना लागू होतात, कारण सरकार ते संपूर्ण उद्योगाला लावतं. पोलंडमध्ये पाचातल्या एकालाही कराराचं संरक्षण नाही. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. संघटना इतक्या मोठ्या की कायद्याची गरज वाटत नाही आणि तो आला तर त्यांना राग येतो. युरोपीय संघाने 2022 मध्ये किमान वेतनाचं डायरेक्टिव्ह आणलं (80 टक्क्यांपेक्षा कमी कामगार कराराखाली असतील तर त्या देशाने सुधारणेचा आराखडा करावा, असं त्यात आहे), तेव्हा डेन्मार्क थेट न्यायालयात गेला. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या आणि बाकीचं कायम ठेवलं. स्वीडनमध्ये टेस्लाने सामूहिक करारावर सही करायला नकार दिला म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये मेकॅनिकांनी संप सुरू केला, आणि मग गोदी कामगारांनी गाड्या उतरवणं, टपाल कामगारांनी नंबरप्लेट पोचवणं थांबवलं. असा सहानुभूतीचा संप तिथे कायदेशीर आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही देश सांगितलेला नाही. मी जर्मनी धरतो, कारण महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून मराठी मुलांची विचारणा तिकडचीच जास्त असते. तिथे साधारण निम्मे कर्मचारी सामूहिक कराराखाली येतात आणि निम्मे येत नाहीत. त्यामुळे नोकरीचं पत्र हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारा: कंपनी "टारिफ"ने, म्हणजे सामूहिक कराराने, बांधलेली आहे का, आणि कोणत्या संघटनेच्या? वाहन आणि यंत्र उद्योगात उत्तर बहुधा आयजी मेटाल असेल. तिचे सुमारे वीस लाख सभासद आहेत. फेब्रुवारी 2018 मध्ये तिने त्याच राज्यात करार केला, ज्यानुसार कामगार दोन वर्षांपर्यंत आठवड्याचे तास 28 वर आणू शकतो. इस्पितळात जात असाल तर फेर्डी या संघटनेचं नाव ऐकाल, आणि सरकारी इस्पितळांच्या पगारश्रेणी इंटरनेटवर उघड मिळतात. आपला अनुभव कोणत्या पायरीत धरला आहे, हे त्यात बघा. पायरी एकदा खालची लागली की नंतर वर सरकवून घेणं कटकटीचं असतं.

कायद्याने करार फक्त सभासदांना लागू होतो, पण बांधलेल्या कंपन्या सहसा सगळ्यांनाच तो पगार देतात. म्हणून बरेच भारतीय सभासद होत नाहीत. मी म्हणेन, व्हा. वर्गणी पगाराच्या सुमारे एक टक्का असते आणि कामाच्या वादात कायदेशीर मदत मिळते. परक्या भाषेत एकट्याने मालकाशी पत्रव्यवहार करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कंपनीत "बेट्रीब्सराट" नावाची निवडून आलेली कर्मचारी समितीही असू शकते. ती संघटनेपेक्षा वेगळी, पण पहिल्या आठवड्यातच तिच्या खोलीचा दरवाजा कुठे आहे ते विचारून ठेवा.