रुमाल सोडण्यापूर्वी विचारा : हस्तलिखितांविषयी वाचकांचे प्रश्न

विद्यापीठ ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागाकडे येणाऱ्या पत्रांत विचारणा बहुधा एकच असते : घरात पोथ्या किंवा मोडी कागद सापडले आहेत, आता त्यांचे काय करावे? अडचण अशी की पत्र लिहिण्यापूर्वीच कोणाच्या तरी सांगण्यावरून त्या कागदांचे काहीतरी करून झालेले असते. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. ती सर्वसाधारण आहेत. प्रत्यक्ष कागद पाहिल्याशिवाय त्याविषयी ठाम मत देता येत नाही, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : आजोबांच्या पोथ्यांची पाने कडेने तुटू लागली आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का?

उत्तर : नाही. चिकटपट्टीही लावू नये. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला थर कागदात मुरतो आणि कागदाची हानी केल्याशिवाय तो पुन्हा काढता येत नाही. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडून अक्षरांवर उतरतो. पट्टी आधीच लावली असेल तर ती ओढून काढू नका; ते काम संवर्धकाचे आहे.

प्रश्न : आमच्या घरातील ज्ञानेश्वरीच्या पोथीत ‘शके बाराशें बारोत्तरें’ असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ही प्रत १२९० सालची आहे ना?

उत्तर : नाही. ते ग्रंथरचनेचे वर्ष असून ती ओवी ग्रंथाचाच भाग आहे; कालच्या छापील प्रतीतही ती सापडेल. पोथीत पुढे शके १५०६ चा उल्लेख असेल तर तो एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणाचा, म्हणजे १५८४ सालचा. नकलेचा काळ शोधायचा तर ग्रंथ संपल्यानंतरची पुष्पिका, म्हणजे शेवटची नोंद, पाहावी. तेथे नकल करणाऱ्याचे नाव, गाव, तिथी, वार, शक आणि संवत्सराचे नाव असते. शक आणि संवत्सर यांचा मेळ बसतो का, हे पंचांगाच्या आधारे पडताळता येते. तरीही सावध राहावे, कारण पुष्कळ नकलनवीस समोरच्या प्रतीतील पुष्पिकाही इमानेइतबारे उतरवून घेत. कागद, शाई आणि अक्षराचे वळण जाणकाराने पाहीपर्यंत ‘सातशे वर्षांची पोथी’ अशी बातमी कृपया वृत्तपत्राला देऊ नये.

प्रश्न : पोथ्यांना कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, मोरपीस, डांबराच्या गोळ्या ठेवतात. यातले नेमके काय ठेवावे?

उत्तर : मोरपिसाने काही होत नाही. पाला पूर्ण वाळवलेला, पुरचुंडीत बांधलेला आणि कागदाला न टेकणारा असेल तर चालतो. ओला पाला बुरशीला आमंत्रण देतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसाला घातक असते, त्या टाळाव्यात. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात घट्ट बांधलेली आणि वरचेवर पाहिली जाणारी पोथी सहसा खराब होत नाही. आणखी एक सूचना : पोथीत चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी पिवळा हरताळ लावलेला दिसतो. त्यात आर्सेनिक असते. बोट जिभेला लावून पाने उलटण्याची सवय असेल तर ती सोडावी.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमचा वाडा विकला आहे. माळ्यावर कापडात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांतील महत्त्वाची पत्रे निवडून तारीखवार फाइलला लावावीत आणि हिशेबाचे कागद टाकून द्यावेत, असा घरात विचार आहे. निवड करून देणारा मोडी वाचक मिळेल का?

उत्तर : मोडी वाचक मिळेल, पण या कामासाठी तो शोधू नका. हा प्रश्न वर्षभर येत राहतो आणि बहुतेक वेळा तो महिनाभर उशिरा आलेला असतो, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

रुमाल म्हणजे कागद गुंडाळण्याचे नुसते फडके नव्हे. कोणते कागद कोणत्या कागदांबरोबर ठेवायचे, हे दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने ठरवले होते आणि तो निर्णय त्या बांधणीत शिल्लक आहे. मोडी पत्रांत वर्ष लिहिलेले नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा पत्राचा काळ कळतो तो त्याच्या शेजारच्या पावतीवरून, याददास्तीवरून (म्हणजे टिपणावरून), एखाद्या ताळेबंदावरून. तारीखवार लावायला बसलात की ज्यांच्यावर तारीख आहे ते कागद एकीकडे जातात, बिनतारखेचे दुसरीकडे पडतात, आणि त्या दुसऱ्या ढिगाची तारीख कळण्याचा एकमेव मार्ग आपण आपल्या हाताने बंद केलेला असतो.

दुसरी गोष्ट ‘महत्त्वाच्या’ कागदांची. घरच्यांना महत्त्वाचा वाटतो तो शिक्क्याचा कागद किंवा ज्यात प्रसिद्ध नाव आहे तो. गावोगाव फिरणाऱ्या खरेदीदारालाही नेमका तोच हवा असतो, त्यामुळे दोघांचे पटकन जमते आणि उरलेले गाठोडे रद्दीत जाते. अभ्यासकाला मात्र हिशेबाचे कागद हवे असतात. जोंधळ्याचा भाव, सुताराची मजुरी, लग्नाचा खर्च, तगाई कोणत्या साली दिली आणि कोणी फेडली नाही, हे सगळे जमाखर्चात सापडते. राजकारणाच्या पत्रांत त्याचा मागमूसही नसतो. शिवाय कागद महाग असल्यामुळे पाठकोऱ्या बाजूवर दुसऱ्याच पत्राचा मसुदा लिहिलेला असतो. वरवर चाळणाऱ्याला तो दिसतच नाही.

ग्रंथालयांनाही या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. देणगीत आलेला संग्रह वेदान्त, ज्योतिष, वैद्यक असा विषयवार फोडून कपाटांत लावायचा आणि देणाऱ्या घराण्याचे नाव दाखल नोंदवहीच्या एका ओळीत ठेवून विसरून जायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी होती. त्यामुळे एका घरात कोणकोणते ग्रंथ एकत्र वाचले जात होते, हा साधा प्रश्नही आज सुटत नाही.

तेव्हा एवढेच करा. रुमाल जागेवरून हलवण्यापूर्वी आहेत तसे त्यांचे फोटो काढा. प्रत्येकासाठी वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती गाठीत अडकवा. मूळ कागदावर काहीही लिहू नका. टाचणी, स्टेपलर, रबर, प्लास्टिकची पिशवी यांपैकी काही वापरू नका. कागदाची घडी ताठ झाली असेल तर ती उघडू नका. वाड्याचा ताबा देण्याची तारीख जवळ आली असेल, तर निवडत बसण्यापेक्षा सगळे रुमाल पेटीसकट कोरड्या खोलीत हलवा आणि जवळच्या विद्यापीठ ग्रंथालयाला, पुराभिलेख संचालनालयाच्या कार्यालयाला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला कळवा. ‘दिवाळीत सगळे भाऊ जमले की ठरवू’ हे उत्तर मला पाठ झाले आहे. भावांची संमती घ्यावीच, पण ती फोनवरही घेता येते. गळक्या माळ्यावरची वाळवी दिवाळीपर्यंत थांबत नाही.

प्रश्न : चित्रे असलेल्या पोथीचे एकच पान एक गृहस्थ चांगल्या किमतीला मागत आहेत. ‘बाकीची पोथी तुमच्याकडेच राहील’ असे ते म्हणतात. द्यावे का?

उत्तर : देऊ नये. पान चौकटीत घालून भिंतीवर टांगले की ते कोणत्या पोथीतले, कोणत्या कथेतले, कोणत्या गावचे, हे कायमचे पुसले जाते. आणि पहिले पान गेले की दुसऱ्यासाठी तेच गृहस्थ परत येतात. कायद्याचाही प्रश्न आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तूविषयक कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने, वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेले हस्तलिखित हे पुरावशेषात मोडते. त्याच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो, खाजगी व्यक्तीने ते देशाबाहेर पाठवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि सचित्र हस्तलिखिताची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. त्या गृहस्थांकडे परवाना मागून पाहा, बहुधा ते पुन्हा येणार नाहीत. आपल्या पोथीची नोंदणी झालेली नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करावी आणि आवश्यक वाटल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. किंमत किती, हे मात्र आम्हाला विचारू नये. आम्ही ती सांगत नाही.

प्रश्न : एका पत्राच्या शेवटी ‘सन सीत सबैन मया व अलफ’ असे वाचता आले. हे कोणते वर्ष?

उत्तर : हा सुहूर सन असून संख्या अरबी शब्दांत लिहिलेली आहे. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, एकूण ११७६. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून तेथपासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवावेत. आपले पत्र १७७५-७६ मधील आहे. ‘छ’ या अक्षरापुढे आकडा आणि मुसलमानी महिना असेल तर ती चंद्राची तारीख होय. तिच्यावरून इंग्रजी तारीख काढण्यासाठी जंत्री, म्हणजे तारखांच्या मेळाचे कोष्टक, वापरावी आणि ती वापरणाऱ्या अभ्यासकाकडून खात्री करून घ्यावी. फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, वेगळा असतो. दोहोंची गल्लत करू नये.

प्रश्न : एका मोडी वाचकाने आमची सनद वाचून पाच गावांचे वतन आमचे असल्याचे सांगितले. पुढील कागदपत्रे शोधून देण्यासाठी तो आणखी पैसे मागत आहे.

उत्तर : देऊ नका. १९५० आणि त्यानंतरच्या कायद्यांनी राज्यातील वतने आणि बहुतेक इनामे नष्ट झाली आहेत, त्यामुळे सनद अस्सल ठरली तरी गावे परत येत नाहीत. ती अस्सल असेलच असेही नाही. वतनाच्या भांडणांत बनावट महजर (निवाडपत्रे) आणि सनदा पूर्वीपासून तयार होत आल्या आहेत, आणि १८५२ नंतर इनामांची छाननी करणाऱ्या ब्रिटिशांच्या इनाम कमिशनपुढे आलेल्या कागदांतही खोटे कागद होते. जमिनीसंबंधी काही प्रत्यक्ष वाद चालू असेल तर तो वकिलाकडे न्यावा.

कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून मोडी वाचकांना मोठी मागणी आली आहे. त्यांत उत्तम जाणकार आहेत, तसेच पंधरा दिवसांत अक्षरओळख करून घेतलेलेही आहेत. ‘सारांश’ कधीही स्वीकारू नका. ओळीला ओळ असे देवनागरी लिप्यंतर मागा, न लागलेल्या शब्दांच्या जागा मोकळ्या सोडायला सांगा आणि ते दुसऱ्या वाचकाकडून तपासून घ्या. ज्या लिप्यंतरात एकही जागा मोकळी नाही, त्याच्याकडे मी तरी संशयाने पाहतो.

प्रश्न : संग्रह विद्यापीठाला दिला तर आमचा हक्क जातो का? नुसते स्कॅनिंग करून परत मिळणार नाही का?

उत्तर : दान दिल्यास मालकी जाते. ठेव म्हणून दिल्यास राहते. केवळ प्रतिमा काढून मूळ परत देण्याची सोयही अनेक संस्था करतात. तिन्ही व्यवहार लेखी व्हावेत. संग्रह एका नावाखाली अखंड राहील का, त्याची यादी कधी होईल, तो कोणाला पाहता येईल आणि प्रतिमा छापण्याची परवानगी कोण देईल, हे चार मुद्दे करारात असलेच पाहिजेत. ‘डिजिटायझेशनसाठी नेतो’ असे सांगून पावती न देता रुमाल नेणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, मग तो कोणत्याही मोहिमेचे नाव सांगो.

संग्रह संस्थेत गेल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने जमलेल्या हस्तलिखितांसाठी १९२७ मध्ये तेथे प्राच्यविद्यामंदिर स्थापन झाले आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाल्यावर ते विद्यापीठाचा भाग झाले. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात तेथूनच निघाली. तिच्यासाठी वेगवेगळ्या लिप्यांतील आणि प्रांतांतील पोथ्या ताडून पाहता आल्या, कारण त्या कोणत्या ना कोणत्या सूचीत नोंदलेल्या होत्या. कपाटात कुलूपबंद आणि सूचीबाहेर असलेली पोथी अशा कामाला उपयोगी पडत नाही, म्हणून यादी करायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेला दान देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. यात आमच्यासारखी विद्यापीठेही आली.

प्रश्न : मी विद्यापीठाचा विद्यार्थी नाही. हस्तलिखित पाहता येईल का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी येते. ओळखपत्र आणि हेतू सांगणारे पत्र लागते, आत फक्त पेन्सिल नेता येते. नियम आधी विचारून घ्यावेत. ‘गीतेच्या सगळ्या पोथ्या दाखवा’ असे म्हणू नये, सूची पाहून क्रमांक घेऊन यावे. मुंबई विद्यापीठाच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची देवस्थळींनी केलेली वर्णनात्मक सूची १९४४ मध्येच छापली गेली आहे. तिथल्या अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची त्याहून जुनी, १९३५ ची. एखाद्या संस्कृत ग्रंथाच्या प्रती देशात आणि परदेशात कोठे आहेत, हे मद्रास विद्यापीठाच्या ‘न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम’वरून कळते. अमेरिकेतून लिहिणाऱ्या वाचकांनी आधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा सुमारे तीन हजार भारतीय हस्तलिखितांचा संग्रह पाहावा. त्याच्या प्रतिमा महाजालावर खुल्या आहेत.

प्रश्न : पावसाळ्यानंतर पोथ्या उन्हात घालाव्यात का?

उत्तर : थेट उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. आश्विनातील कोरड्या दिवशी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, बांधणीच्या लाकडी फळ्यांमधून सोडून तासभर ठेवाव्यात. पानांवर पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली तर ती फुंकू किंवा झटकू नये, कारण ती इतर पानांवर आणि आपल्या श्वासात जाते. ती पोथी इतरांपासून वेगळी ठेवावी, हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि त्याच आठवड्यात संवर्धन केंद्राला फोन करावा. ओल्या फडक्याने पुसणे तर पूर्णपणे टाळावे. काजळीची शाई डिंकात घोटलेली असते आणि पाणी लागले की अक्षर फडक्यावर येते.