आईचं वयच झालं आता, काय करावं?

"आईचं वय झालं, आता असंच चालायचं ना?" यवतमाळकडच्या खेड्यांत समुपदेशन करताना हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि मला भीती त्याची वाटते.

एका मायला मुलगा मोटरसायकलवर घेऊन आला. वय ६४. दोन वर्षांआधीपर्यंत कापूस वेचताना सुनेच्या पुढे असायची. आता दिवसभर बाजेवर, जेवण एकदाच, तेही अर्धी भाकर.

"पायात जीव नाही राह्यला बाई. पिकलं पान आहो मी, मले काय तपासता?"

वेचणी कधी सुटली, ते विचारलं. वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय अडखळून पडली, तेव्हापासून. मुलानं मायेनं सांगितलं, "आता बसून राय." सून हातातला पाण्याचा गुंडही काढून घेऊ लागली.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त कमी निघालं आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. धूसर दिसत होतं हे तिला ठाऊक होतं, पण बोलली नव्हती. म्हातारपणी दिसत नसतंच, असं तिनं धरलेलं. धुरा दिसला नाही म्हणून पडली असेल, हे घरात कोणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी वयावर ढकललं.

अमेरिकेत ओहायोतल्या एका छोट्या गावात पन्नाशीपुढच्या ६६० जणांना १९७५ मध्ये स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. पुढे संशोधक बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये मांडलं, की चांगलं वाटणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. तब्येत आणि ऐपत हिशेबात धरूनही फरक उरला. समजुतीनं मोतीबिंदू जात नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. पण डोळा दाखवायचा की नाही, दुसरी भाकर घ्यायची की नाही, हे समजूतच ठरवते. बसून राहिलं की पाय बारीक होतात, आणि आपण म्हणतो, बघा, वय झालं.

मुलगा म्हणाला, "पण या वयात ताकद परत येते का?" येते. बोस्टनला नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. १९९० साली छापून आलं, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

मायला एवढंच सांगितलं: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, रोज. पहिल्या दिवशी तीनदा जमलं. सुनेला म्हटलं, गुंड अर्धा भरून द्या, पण द्या. मुलाला "बसून राय" बंद करायला लावलं. त्याला ते सगळ्यात जड गेलं.

डोळ्याचं ऑपरेशन झालं, रक्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी ती परत आली. गुडघा अजून दुखतोच. खुर्चीवरून बारा वेळा उठली आणि म्हणाली, "आता गुंड भरून नेतो मी. सून कल्ला करते, पण नेतो."