धारेच्या तलवारीने कापायचा सराव करायचाय, सुरुवात केळीच्या बुंध्यावर करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं मर्दानी खेळ शिकताय, हवेतले हात बसलेत, आता धारेची तलवार घेऊन खरोखर काही कापून बघायचंय. जपानी लोक कापतात ती चटई इथे सहज मिळत नाही. मग गावाकडच्या केळीच्या बुंध्यावर सुरुवात करावी का, आणि तळहातावरचं लिंबू कधी?

बुंध्यावर सुरुवात नको. बुंध्यावर सगळेच शूर दिसतात. तो जड, मऊ आणि पाण्याने भरलेला असतो. धार थोडी फिरली (वाराच्या दिशेपासून तिरकी झाली) तरी पातं चार-सहा बोटं आत शिरतंच आणि बघणारे वाहवा करतात. सुरुवात अशा वस्तूवर करा जी हलकी आहे आणि चूक झाली की उडून पडते. म्हणजे एक लिटरची पाण्याची बाटली.

त्याआधी तलवारीचं. लग्नात नवरदेवाच्या हातात असते ती किंवा सत्कारात देतात ती तलवार यासाठी चालत नाही, धार लावून घेतली तरी नाही. तिचं पातं बहुधा स्टेनलेसचं असतं आणि मुठीच्या आत बारीक सळई वेल्डिंग करून जोडलेली असते. हवेत फिरवताना काही होत नाही, पण वस्तूवर आपटली की तिथूनच तुटते आणि पातं पुढे भिरकावलं जातं. पातं स्प्रिंगच्या पोलादाचं हवं (गाडीच्या पाट्यांचं असतं तसं, ईएन ४५ किंवा ५१६०), पाणी दिलेलं (तापवून एकदम थंड केलेलं) आणि नंतर थोडा कडकपणा उतरवलेलं. लांबी ७५ ते ८० सेंमी, वजन किलोच्या आसपास. आपल्या पारंपरिक मुठीत पातं लाखेने किंवा राळेने बसवलेलं असतं. तापलं की ती मऊ पडते, म्हणून तलवार उन्हातल्या गाडीत ठेवू नका. दर वेळी मूठ घट्ट धरून पात्याच्या पाठीवर तळहाताने थापट्या मारा. आतून बारीकसा ‘कट्-कट्’ आवाज आला तर त्या दिवशी सराव बंद. घराण्यातली जुनी तलवार यात आणूच नका.

धार सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्याकडून लावू नका. कोरड्या चाकावर कड तापते. तिथे निळसर छटा दिसली की पोलादाचा कडकपणा गेला. हाताने, पाण्याच्या दगडावर, आधी ४०० आणि मग १००० नंबर, दोन्ही बाजूंनी साधारण २० अंश. लोंबत धरलेला वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की पुरे. दाढीच्या पात्यासारखी धार लावली तर ती पहिल्याच चटईत मुरडते.

कायद्याचं एक वाक्य: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्रांत मोडते, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)चा मनाई आदेश लागू असताना ती घेऊन रस्त्याने जाणं गुन्हा आहे. आखाड्यामार्फत पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

आता बाटली. पातळ प्लास्टिकची, लग्नाच्या जेवणात वाटतात तशी घ्या. सोड्याची बाटली जाड असते, तिच्यावरून पातं घसरतं. तोंडापर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावा. आत हवा राहिली तर बाटली दबते आणि चांगला वारही वाया जातो. ठेवायचा खांब बाटलीच्याच जाडीचा किंवा किंचित बारीक हवा. स्टुलाच्या मोठ्या पाटावर ठेवली तर वार खाली उतरताना पातं लाकडात जातं. बाटलीचा मध्य तुमच्या छातीच्या खालच्या टोकाइतक्या उंचीवर आणा, खांबाच्या पायथ्याशी वाळूचं पोतं टाका. वार बाटलीच्या खांद्याखाली आणि बुडाच्या चार बोटं वर यांच्या मधे पडला पाहिजे, कारण मान आणि बूड दोन्हीकडे प्लास्टिक जाड असतं.

पहिले कित्येक दिवस एकच वार: उजव्या खांद्यावरून खाली डावीकडे, ४५ अंशांत. उजव्या हाताने मारताना उजवा पाय पुढे. डावा पाय पुढे ठेवून हा वार केला आणि बाटली चुकली, तर पातं थेट डाव्या गुडघ्याकडे येतं. या छंदातली वाईट जखम बहुतेक वेळा अशीच होते. डावा हात कमरेला मागे.

पात्याची नेमकी कोणती जागा लागली पाहिजे ते आधी शोधून ठेवा. तलवार टोक वर करून सैल धरा आणि मुठीवर दुसऱ्या हाताची मूठ हलकेच मारा. पातं थरथरेल, पण टोकापासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर एक जागा जवळजवळ स्थिर दिसेल. तिथे पाठीवर खडूने खूण करा. त्या जागेने कापलं की हाताला झिणझिण्या येत नाहीत.

आपल्या तलवारीची मूठ लहान असते आणि मागे वाटी असते. ही वाटी मनगटाला टोचायला लागली तर समजा, तुम्ही लाठीसारखं मनगटातून फटकावताय. या मुठीला वार खांद्यातून हवा: कोपर खाली येत किंचित मागे ओढलं गेलं पाहिजे, म्हणजे वाकडं पातं बाटलीवर आपटत नाही, तिच्यावरून ओढलं जातं. पातं वस्तूला लागायच्या क्षणी बोटं आवळा, त्याआधी नाही.

जमलेला वार ओळखायचा कसा? वरचा तुकडा जागच्या जागी घसरून खाली पडतो, खालचा अर्धा खांबावरून हलतही नाही, आणि त्यातलं पाणी तिरप्या कडेच्या सर्वांत खालच्या बिंदूला टेकून उभं असतं. बाटली न कापता उडाली तर धार आणि वाराची दिशा एका रेषेत नव्हती, किंवा तुम्ही कापायच्या ऐवजी ढकललंत. कापली, पण खालचा भाग भिरभिरत गेला तर वेग कमी. कड दातेरी, ओढल्यासारखी दिसली तर धार गेलीये. पात्याच्या ‘सूं’ आवाजावर फार विश्वास ठेवू नका. नळी (लांबीभर कोरलेली खाच) काढलेलं पातं धार थोडी फिरलेली असतानाही छान शिट्टी मारतं.

एका बैठकीत १५-२० बाटल्या पुष्कळ. दर पाच बाटल्यांनी पातं पुसा आणि मूठ तपासा. पुढची बाटली लावायला जाताना तलवार म्यानात, प्रत्येक वेळी. चारही बाजूंनी ५ मीटर मोकळे, समोर कुणी नाही, आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारा मित्र त्या ५ मीटरच्या आत नाही.

दहापैकी आठ बाटल्या नीट कापल्या जायला लागल्या की चटई. जपानी तामेशिगिरी, म्हणजे तलवारीने वस्तू कापून बघणं, ही मुळात तलवारीची परीक्षा होती, आता ती कापणाऱ्याची झाली आहे. तिथे इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताची तातामीची (जमिनीवर अंथरायच्या जाड जपानी बैठकीची) वरची चटई भिजवून गुंडाळतात. आपल्याकडे लव्हाळ्याची किंवा गवताची सुती दोऱ्याने विणलेली चटई घ्या. बाजारात सगळीकडे टांगलेली असते ती प्लास्टिकची चटई अजिबात नको, तिच्यात पातं अडकतं. चटई गुंडाळून ८-९ सेंमी जाडीची सुरळी करा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी कड्या चार ठिकाणी चढवा. तार कधीच नाही. १२ ते २४ तास पाण्यात बुडवा, मग तासभर उभी करून निथळू द्या. कोरडं गवत ताठ असतं आणि धार खातं. खांबावर १५ सेंमी उंचीची लाकडी खुंटी बसवून त्यात सुरळी खोचा. खुंटी मऊ लाकडाची, खिळा न मारलेली हवी, कारण कधी ना कधी तुम्ही ती कापणारच.

चटई न मिळाल्यास रद्दी चालते, पण कागदात खनिज भुकटी असते आणि धार लवकर बोथट होते. पुरवण्यांच्या पिना काढा आणि चकचकीत कागद बाजूला ठेवा.

चटईचा कापलेला पृष्ठभाग हातात घेऊन बघा. तो सपाट हवा. मधे चमच्यासारखा खोलगट झाला असेल तर वार आत असतानाच मनगट वळलं. शेवटचे आठ-दहा धागे लोंबत राहिले तर तुम्ही कापून झालं असं समजून आधीच थांबलात, किंवा दूर उभे होतात. हेच वळण आणखी स्पष्ट बघायचं असेल तर शाडूची माती वापरा. १५ बाय १५ बाय २० सेंमीचा ठोकळा भरतो साधारण ८ किलो. मातीवर पात्याची प्रत्येक थरथर उमटते आणि तीच माती पुन्हा थापता येते. बागेतली माती नको, एक खडा धारेचा तुकडा पाडतो.

ऊस मजेचा आहे. दोन गाठींच्या मधे कापला तर सहज जातो, गाठीवर कापला तर हाताला झटका बसतो. रस चिकट असतो, पातं लगेच धुवा. ओला बांबू मात्र पहिलं वर्ष नाही. कापल्यावर खाली उरलेला तिरपा खुंट भाल्यासारखा उभा राहतो, त्यावर कुणी पडलं तर काय होईल ते सांगायला नको. नारळ आणि शहाळं तलवारीसाठी नाहीच. ते जाड पाठीच्या कोयत्याचं काम आहे.

केळीचा बुंधा यानंतर, तोही आधी १०-१२ सेंमीचा. २० सेंमी जाडीचा मीटरभर तुकडा तीसेक किलो भरतो, त्यामुळे बांधावा लागत नाही. घड काढल्यावर बुंधा तोडायचाच असतो, शेतकऱ्याला विचारलंत तर नाही म्हणणार नाही. पातं मधेच अडकलं तर मूठ पिळून काढू नका, पातं वाकतं. आलं त्याच वाटेने सरळ मागे ओढा. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत आणि पात्यावरही काळपट डाग पडतात, म्हणून तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं.

राहिलं लिंबू. आखाड्यात दांडपट्ट्याने तळहातावरचं लिंबू कापतात ते तुम्ही पाहिलं असेल. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हाताला जखडलेली असते, मनगट वळायची सोयच नसते. तलवारीत ती सोय आहे, आणि चूक तिथेच होते. माणसाच्या अंगावर ठेवून कापू नका, समोरचा कितीही आग्रह करो. लिंबू जाड सुईने दोऱ्यात ओवून झाडाला छातीच्या उंचीवर टांगा आणि आडवा वार करा. त्याला वजन जवळजवळ नसतं, त्यामुळे धार जरा फिरली की कापलं न जाता ते दोऱ्याभोवती गोल फिरत राहतं. दोन सारख्या फोडी झाल्या आणि दोऱ्याला वरची अर्धी लटकलेली राहिली, म्हणजे हात बसला.