मानेतल्या गाठीत सुई घातल्यामुळे आतून इजा होते का? गाठ काढल्यावर रिपोर्ट चुकू शकतो का?

तुमच्या आईंच्या गाठीची एफएनएसी (बारीक सुईनं पेशी काढून केलेली तपासणी) झालीय आणि आता पूर्ण गाठ काढायचीय, म्हणून लिहितेय. इजा होते. सुई बारीकच असते, 22 ते 25 गेजची, पण गाठीत ती मागेपुढे फिरवतात. तिच्या वाटेवर रक्त साकळतं, पुढे तिथं व्रण भरतो. क्वचित रक्तपुरवठा तुटून गाठीचा बराच भाग मरतो. तरी सगळं खापर सुईवर फोडू नका.

आमच्याकडे तेच झालं. आम्ही तासगावचे. धाकट्या भावाच्या मानेला गाठ आली, मिरजेत सुई लावली, नक्की निदान होईना म्हणून गाठच काढली. रिपोर्टात ‘नेक्रोसिस’, म्हणजे गाठीतला भाग मेलाय, असं लिहिलेलं. थोरले चुलते, अण्णा, सोप्यात बसून म्हणाले, "सुईनं गाठ नासवली. आता लेप लावायचा." त्यांच्यापुढे घरात कोणी बोलत नाही. मी रिपोर्ट घेऊन थेट पॅथॉलॉजिस्ट मॅडमना भेटले. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं: कडेला साकळलेल्या रक्ताचा अरुंद पट्टा आणि त्यात तपकिरी कण गिळलेल्या पेशी, ती सुईची वाट. मधोमध गुलाबी, चुरा झालेला भाग आणि भोवती ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके. तो क्षय. सर्जननी एक तुकडा सलाईनमध्ये पाठवला होता, त्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली. भाऊ सहा महिने सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या घेऊन बरा झाला.

तेव्हा तपासणीच्या फॉर्मवर एफएनएसीची तारीख लिहायलाच लावा. सुई कधी लावली हे कळलं तर पॅथॉलॉजिस्टला रक्त आणि व्रणाचा अर्थ लागतो. क्षयाची शंका असेल तर सगळी गाठ फॉर्मेलिनमध्ये (गाठ टिकवायच्या द्रावात) बुडवू देऊ नका, त्यात जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही.

हां, लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, संशय असेल तर गोष्ट वेगळी. तिथं गाठीची पूर्ण रचना बघावी लागते. गाठ जवळजवळ सगळीच मेलेली निघाली तर दुसरी गाठ काढावी लागू शकते. आणि सुईनंतर गाठ लाल होऊन ठणकू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लेप मात्र कुणालाही लावू देऊ नका. अण्णा आजही म्हणतात, लेपानं गाठ बसली असती. नसती बसली. क्षयाच्या गाठीला औषध मिळालं नाही तर ती फुटून महिनोन्‌महिने वाहत राहू शकते, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.