लाईट तुझ्या हातात नाही, पाणी आहे

बाय,

रेंज आली तसे तुझे सगळे मेसेज एकदम धडाधड आले. वादळ होऊन गेल्यापासून लाईट नाही, नळाला पाणी नाही, लोक पडवीत येऊन वाट्टेल ते बोलून जातायत आणि खात्यावर किती पैसे आहेत ते बघून तुला घाम फुटलाय. फुटू दे, सरपंच झाल्यावर पहिल्या वर्षात हे व्हायचंच. मी ग्रामसेवक म्हणून सगळी नोकरी याच किनाऱ्यावर काढली, २००९ चं फयान चक्रीवादळ बघितलं, निसर्ग बघितलं, तौक्ते बघितलं, त्यामुळे धीर-बिर देत बसत नाही, कामाचं तेवढं लिहितो.

लाईट आणणं तुझ्या हातात नाही, हे लोकांना तोंडावर सांगून टाक. "उद्या येईल" हे वाक्य मात्र कोणाशी बोलू नकोस, ते तुला पाच वर्षं ऐकवतील. त्यापेक्षा लाईन कशी चालू होते ते नीट समजून घे म्हणजे उत्तर देता येईल. आधी वरची मोठी लाईन, मग ३३ केव्हीचं सबस्टेशन, तिथून ११ केव्हीचा फीडर म्हणजे गावांकडे येणारी लाईन, मग आपली डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मग वाडीतले खांब आणि सगळ्यात शेवटी घर. वरचं एक जरी आडवं झालेलं असेल तर खालचं सगळं धड असून काही उपयोग नाही, आणि आपली वाडी फीडरच्या टोकाला, म्हणजे नंबर शेवटचाच. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला घुसलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता, खांबांच्या रांगाच्या रांगा झोपल्या, वर लॉकडाऊन, बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आणावी लागली आणि तरी काही वाड्यांनी महिन्याहून जास्त अंधारात काढलं. जांभ्या दगडात खांबाचा खड्डा मारून बघ एकदा, मग वायरमनला शिव्या द्यायची कोणाची हिंमत होणार नाही.

तुझ्या हातात जे आहे ते पाणी. लोकांना अंधार चालतो गं, चुलीपुढे बसून गप्पा मारतात, पण हंडा रिकामा झाला की माणूस बदलतो. मोबाईल चार्जिंगचं म्हणशील तर ग्रामपंचायतीचा इन्व्हर्टर चालू ठेव, बोर्ड बाहेर काढून दे, तेवढ्यावर भागतं. पण पंप बंद म्हणजे टाकी कोरडी आणि रहाटाच्या विहिरी आता उरल्यात कुठे, ज्या आहेत त्यात कोणी कचरा टाकलाय तर कोणी जाळी बसवून कुलूप लावलंय. त्या दोन-तीन विहिरी दर मे महिन्यात उपसून ठेव, दोर बघ, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून घे. खर्च किरकोळ आहे आणि वादळात तेवढंच चालतं.

जनरेटर घेऊ या असं सदस्य म्हणतीलच. घेऊ नकोस. खाऱ्या हवेत अकरा महिने पडून राहिलेला जनरेटर बाराव्या महिन्यात चालू होत नाही, बॅटरी गेलेली, डिझेल शिळं, आणि चालवणारा पोरगा पुण्याला. त्यापेक्षा आजूबाजूच्या दोन ग्रामपंचायतींशी बोल, तिघींनी मिळून मे महिन्यातच भाड्याचा दर ठरवून ठेवा, टेम्पोवर चढवून आज इकडे उद्या तिकडे फिरवता येतो. मंडपवाल्यांकडे असतात, पण वादळ झाल्यावर दर विचारायला गेलीस तर तो काय सांगेल ते ऐकावं लागेल. आणि साईज बघून घे, ५ एचपीच्या पंपाला ५ केव्हीएचा पुरत नाही, मोटर चालू होताना पाच-सहा पट करंट ओढते, १०-१५ केव्हीएचा लागतो, वायरमनकडून कन्फर्म कर. चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच जोडणारा, बसवल्याशिवाय जोडू द्यायचा नाही, याच्यावर अजिबात ऐकायचं नाही कोणाचं. जनरेटरचा करंट उलटा लाईनीत गेला तर डीपीतून ११ हजार व्होल्ट होऊन वर जातो आणि खांबावर चढलेला माणूस जागेवर जातो. लाईट परत आली की आधी मोटर उलटी तर फिरत नाही ना ते बघायचं, तार जोडताना फेज इकडचे तिकडे झालेले असतात, अशा वेळी पंप नुसता गरगरतो आणि टाकीत थेंब चढत नाही.

आता पैशाचं. वित्त आयोगाचे पैसे दिसतात तेवढे आपले नसतात. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ मध्ये ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्याच कामाला, त्यातले अर्धे पाण्याला आणि अर्धे स्वच्छतेला, उरलेले ४० अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातून पगार भागवायचा नाही, असं होतं. पंपासाठी जनरेटरचं भाडं पाण्याच्या बंधितमध्ये बसतं का ते आत्ताच गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचार, तोंडी नको, तोंडी हो म्हणणारा साहेब ऑडिटच्या वेळी बदलून गेलेला असतो. खरा मोकळा पैसा म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीचा. समज वसुली चार लाख झाली, त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० महिला-बालकल्याण, ५ दिव्यांग, म्हणजे एक लाख वीस हजार आधीच बाजूला. उरले दोन लाख ऐंशी, त्यात पाणी सोडणाऱ्याचा पगार, पंपाचं बिल, टीसीएल, स्टेशनरी आणि कोणाचं तरी गटार. यात वादळ कुठे बसवणार? म्हणून सांगतो, नमुना नंबर १, म्हणजे अंदाजपत्रक, भरताना आपत्कालीन खर्चाचं एक हेड काढ आणि दरवर्षी थोडे का होईना पैसे टाकत जा. अंदाजपत्रक होतं थंडीत, तेव्हा वादळ कोणाच्या डोक्यात नसतं, सगळ्यांना पाखाडी म्हणजे दगडी पायवाट आणि स्वागत कमान हवी असते, तिथेच तुझी खरी कसोटी आहे, आत्ता पडवीत शिव्या खाण्यात नाही. सोबत मासिक सभेचा ठरावही घेऊन ठेव की आपत्तीत सरपंच आणि ग्रामसेवकांनी एवढ्यापर्यंत खर्च करून पुढच्या सभेपुढे ठेवावा. डिझेल आणायला कोरम गोळा करत बसायचं नाही.

सरकारची मदत येईल म्हणून ग्रामपंचायतीने आशेवर राहू नये. घरं-बागांची मदत आपत्ती निधीतून थेट ज्याच्या त्याच्या खात्यात जाते, ग्रामपंचायतीच्या नाही. तुझं काम पंचनाम्यात एकही घर सुटू न देणं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात तेव्हा प्रत्येक वाडीतला एक माहीतगार बरोबर दे. आणि नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीवरची नावं दुरुस्त करून घे गं, निम्मी घरं अजून आजोबांच्या नावावर आणि आजोबांना जाऊन जमाना झाला, मग पत्रे उडालेला नातू कागद घेऊन तालुक्याला हेलपाटे घालतो.

भूमिगत केबलची मागणी होईल, अलिबाग-रत्नागिरीला झाली मग आपल्याला का नाही. कर ठराव, पाठव, पण तो खर्च केंद्र सरकारच्या चक्रीवादळ प्रकल्पातला आहे, आपल्या बजेटात त्याचा एक मीटरही बसत नाही. आपल्या हातातलं काम म्हणजे लाईनीवर आलेल्या फांद्या. दर पावसाळ्याआधी तोडायला माणसं येतात आणि कोण ना कोण आडवा पडतो, माझा हापूस, माझा फणस. तिथे वायरमनला एकटं पाठवू नकोस, तू स्वतः जा. वाईटपणा येईल, एखादं मतही जाईल, जाऊ दे.

आजच्या आज एक कर. वहीत सगळ्या डीपी लिहून काढ, वाडी कुठली, कुठे खांब पडला, कुठे नुसती तार तुटली, पंपाच्या मीटरचा ग्राहक क्रमांक, शिवाय कोणाकडे ऑक्सिजनचं मशीन आहे, उपकेंद्रात लसींचा फ्रिज आहे का. वीज तक्रारीच्या १९१२ ला लोक फोन करतायत ते करू देत, पण ही यादी घेऊन बाईकवर एक पोरगा महावितरणच्या सेक्शन ऑफिसला पाठव, पन्नास जणांच्या ओरडण्यापेक्षा तिथल्या इंजिनिअरला हा एक कागद उपयोगी पडेल. दुरुस्तीची टीम आली की शाळेत झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण, खांब ओढायला पोरं. आपले गावचे मुंबईकर मेणबत्त्या आणि बिस्किटं पाठवतील, त्यांना सांग डिझेलला पैसे द्या, ग्रामपंचायतीच्या खात्यात टाका, पावती मिळेल. आणि त्यांच्याच बंद घरांची घरपट्टी किती वर्षं थकलीय तेही हळूच बघून ठेव. गावातल्यांकडे यंदा वसुलीला कुठल्या तोंडाने जाणार, त्यांचेच पत्रे उडालेत, पण चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा देवळाजवळ टेबल टाकायचं. तुला नवीन म्हणून कोणी दाद देणार नाही, मला सांग, पावतीपुस्तक घेऊन मी बसतो.

भाऊ