आजीच्या ओव्यांच्या जुन्या कॅसेट घरच्या घरी कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावर चौदा कॅसेट सापडल्या आहेत. काहींत आजीच्या जात्यावरच्या ओव्या, काहींत गावातलं कीर्तन आणि भारूड, बाकीच्या विकतच्या गाण्यांच्या. यूएसबीचा कॅसेट कन्व्हर्टर घ्यावा का, आणि खरखर कुठल्या सॉफ्टवेअरने जाईल, हे तुम्ही विचारलंय.

कन्व्हर्टर घेऊ नका, आणि सॉफ्टवेअरचा विचार सगळ्यात शेवटी करा. फीत हेडवरून (फितीवरचा आवाज उचलणारा धातूचा छोटा भाग) सरकते त्या एका जागी कॅसेटमधला आवाज वाचतो किंवा कायमचा जातो. तिथे जे उचललं गेलं नाही ते पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकमनसारख्या त्या स्वस्त कन्व्हर्टरची यंत्रणा हलकी असते. फीत एकसारख्या वेगाने सरकत नाही, त्यामुळे लांबवलेला सूर थरथरतो, आणि ओवीत तर प्रत्येक ओळीचा शेवट लांबवलेलाच असतो.

त्यापेक्षा ऐंशी-नव्वदच्या दशकातला चालू स्थितीतला डेक (वेगळ्या स्पीकरला जोडायचा कॅसेट प्लेअर) शोधा. नातेवाइकांच्या कपाटात बहुतेकदा एखादा निघतोच. नाहीतर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार आहेच. मागे आरसीएचे लाइन-आउट सॉकेट (आवाज बाहेर नेणारी, बहुधा लाल-पांढरी गोल भोकं) असले पाहिजेत. विकत घेण्याआधी एखादी कॅसेट लावून दहा मिनिटं ऐका. आवाज डगमगत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो किंवा वितळून डांबरासारखा झालेला असतो. पट्टा बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे. हेड झिजून त्यावर खोबण पडली असेल तर मात्र तो डेक सोडून द्या.

आता चौदांची विभागणी करा. विकतची सिनेगीतं, भावगीतं बाजूला काढा. ती मूळ मास्टरवरून केलेली ऑनलाइन मिळतात आणि तुमची घासलेली कॅसेट त्यापेक्षा चांगली वाजणार नाही. पण छोट्या स्थानिक कंपनीने काढलेलं वग, भारूड किंवा कीर्तन असेल तर ते घरच्या रेकॉर्डिंगइतकंच मोलाचं धरा. अशा कंपन्या बऱ्याचदा बंद झाल्या आणि त्यांच्या मास्टर टेपही गेल्या, त्यामुळे तुमच्या हातातली प्रत कदाचित शेवटची असेल. सिनेगीतांवर हात बसवा, मग कीर्तन घ्या, आणि आजीच्या ओव्या सगळ्यात शेवटी.

कुठलीही कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी वरच्या कडेला दोन्ही टोकांना असलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या झडपा मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. नंतर कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीची कड बघा. कड तपकिरी किंवा काळपट आणि गुळगुळीत दिसायला हवी. तिच्यावर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, कोकणातल्या घरांत ही फार आढळते. अशी कॅसेट वाजवू नका. बुरशी हेडला लागते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये शिरते, आणि तुमच्या फुफ्फुसांनाही वाईट. वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि अशा कामाची सवय असलेल्या माणसाकडेच द्या.

मग खालची बाजू बघा. मधल्या फटीत फितीच्या मागे तांब्याच्या रंगाची पातळ स्प्रिंगपट्टी असते, आणि तिच्यावर फेल्टचा जेमतेम नखाएवढा तुकडा. हा तुकडा फितीला हेडवर दाबून धरतो. तीस-चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग आवाज बारीक येतो, घोंगडीतून बोलल्यासारखा, आणि लोकांना वाटतं की रेकॉर्डिंगच खराब झालं. रेकॉर्डिंग बहुधा शाबूत असतं. यावर सोपा उपाय म्हणजे पाच स्क्रूची एक चांगली कोरी कॅसेट घ्या, ती उघडा, तिची फीत काढून टाका आणि आजीच्या फितीची दोन्ही चाकं जशीच्या तशी तिच्यात ठेवा. फीत रोलरांवरून कशी जाते याचा फोटो आधी काढून ठेवा. जुनी कॅसेट स्क्रूऐवजी चिकटवलेली असेल तर पातळ सुरी सांध्यात घालून हळूहळू उकलावी लागते. चालताना चिरचिर आवाज करणाऱ्या कॅसेटलाही बहुतेकदा हाच कवच बदलण्याचा उपाय लागू पडतो.

फीत तुटली असेल तर साधी सेलोटेप वापरू नका. तिचा गोंद पाझरतो, शेजारचे वेटोळे चिकटतात आणि हेडही खराब होतं. ३.८१ मिमी रुंदीची स्प्लायसिंग टेप मिळते, ती हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा. दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट थेट वाजवायची नाही. षटकोनी पेन्सिल चाकात घालून आधी हाताने थोडी फिरवा. कुठे अडतंय का ते बोटांना कळतं. मोकळी फिरत असेल तर डेकमध्ये एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा. सी-१२० (१२० मिनिटांची) असेल तर फार जपून, कारण तिची फीत सी-६० च्या साधारण निम्म्या जाडीची असते आणि ती ताणली जाते.

डेकची सफाई प्रत्येक कॅसेटच्या आधी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कापसाची काडी त्यात बुडवून हेड आणि शेजारचा धातूचा बारीक दांडा पुसा. काडीवर तपकिरी डाग यायचे थांबेपर्यंत पुसत राहा. काळा रबरी रोलर मात्र किंचित ओल्या काडीने पुसून लगेच कोरडा करा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर रबराला अजिबात लावू नका.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक फायदा तिच्यातच आहे. हेडमधली बारीक फट फितीला अगदी काटकोनात असावी लागते. या कोनाला अ‍ॅझिमथ म्हणतात. आजीचं रेकॉर्डिंग झालं त्या टेपरेकॉर्डरचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन क्वचितच जुळतो, आणि जरासा फरक असला तरी वरचे सूर मरतात. हेडच्या एका बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याच्याखाली स्प्रिंग असते. आधी मार्करने स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेवा. डेकच्या झाकणाची पुढची पट्टी काढली की बहुधा कॅसेट चालू असतानाच तिथे स्क्रूड्रायव्हर पोचतो. मात्र तो चुंबकाचा नको. हेडफोन लावा, आवाज मोनोवर ठेवा आणि स्क्रू अगदी हलका, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, इकडे-तिकडे फिरवा. ‘स’, ‘श’ आणि बांगड्यांची किणकिण यांकडे कान ठेवा. एका जागी किणकिण एकदम उघडते, पुढे गेलात की पुन्हा झाकते. जिथे सर्वांत उघडी ऐकू येते तीच त्या कॅसेटची जागा. बाजू बदलली की पुन्हा तपासा. काम संपल्यावर स्क्रू खुणेवर आणून ठेवा.

डेकवरचं डॉल्बीचं (फितीची खरखर दाबणाऱ्या सोयीचं) बटण घरगुती रेकॉर्डिंगला बंदच ठेवा. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये डॉल्बी नसायचं, आणि इथे चालू केलं तर आवाज विनाकारण दबेल.

कॉम्प्युटरला जोडताना एक चूक फार होते. लॅपटॉपचा एकमेव ३.५ मिमीचा जॅक बहुधा हेडफोन आणि माइकसाठी असतो. त्यातलं माइकचं इनपुट मोनो असतं, आणि लाइनचा सिग्नल त्याला झेपत नाही, आवाज फाटतो. दोन आरसीए सॉकेट असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी छोटी पेटी) घ्या आणि डेकचं लाइन-आउट त्याला जोडा. ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेकदा ती तिथेच थांबते. विंडोजमध्ये त्या इनपुटचे ‘एन्हान्समेंट’ बंद करा, नाहीतर ते आपोआप आवाज वर-खाली करत राहतात. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका. मोबाइलही तेच करतो, वर खोलीतला पंखाही आत येतो.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरतं, ते फुकट आहे. सॅम्पल रेट ४८,००० हर्ट्झ, स्टिरिओ ठेवा. इंटरफेस २४ बिट देत असेल तर उत्तम. नसेल तर १६ बिटही चालेल, कारण कॅसेटवरच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर साधारण ५० ते ६० डेसिबल असतं आणि १६ बिटमध्ये ९६ मावतात. रेकॉर्डिंगची पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकला की तो भाग कापला जातो. एक बाजू एका दमात घ्या, मध्ये थांबवू नका. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागणारच. २४ बिटची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइल तासाला साधारण एक जीबी होते, फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकारात ती जवळपास निम्मी होते आणि दर्जा तसाच राहतो.

आजीचा आवाज ओळखीपेक्षा पातळ किंवा भसाडा वाटला तर वेग तपासा. जुने टेपरेकॉर्डर सेलवर चालायचे. सेल उतरत आले की रेकॉर्डिंगच्या वेळी फीत हळू सरकायची, आणि आज योग्य वेगाने वाजवल्यावर आवाज चिरका येतो, शेवटाकडे अधिकच. रेकॉर्डिंग घरातल्या विजेवर झालं असेल तर मोजायला एक चांगली खूण मिळते. विजेची गुणगुण फितीवरही उतरलेली असते, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत १००, १५०. ऑडॅसिटीत कुणीच गात नाही असा तुकडा निवडा, ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइज ६५५३६ ठेवा आणि १५० च्या आसपासचा उंचवटा बघा. तो १५६ वर दिसला तर फीत चार टक्के जास्त वेगाने चालली आहे. मग ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये १५० भागिले १५६, म्हणजे ०.९६१५, हा गुणक द्या. डेकची स्वतःची गुणगुणही १५० वरच दिसते. कॅसेट थांबवूनही जो उंचवटा राहतो तो डेकचा, तो हिशेबात धरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, खरखर. मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत करा. ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’ला आधी दोन-तीन सेकंदांचा नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. इथे ओव्यांच्या बाबतीत घात होतो. आजी श्वास घेते त्या मोकळ्या जागेत नुसती फितीची खरखर नसते, जातंही फिरत असतं. तो तुकडा नमुना म्हणून दिलात तर सॉफ्टवेअर जात्याची घरघरच कचरा समजून काढून टाकतं आणि आजी रिकाम्या खोलीत गायल्यासारखी वाटते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने बांधलेली असते. ते काढणं म्हणजे अभंगातून टाळ काढणं. म्हणून नमुना रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच्या किंवा संपल्यानंतरच्या कोऱ्या फितीवरून घ्या. आवाज किती कमी करायचा तो आकडा ६ डेसिबलच ठेवा. मग ‘रेसिड्यू’ निवडून प्रिव्ह्यू ऐका, त्यात फक्त काढून टाकलेला आवाज वाजतो. त्यात नुसती सळसळ असेल तर ठीक. त्यात आजीचा एखादा शब्द किंवा बांगडी ओळखू आली तर आणखी कमी करा. जास्त ओढलंत की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि थोडी खरखर त्यापेक्षा केव्हाही बरी.

फाइलचं नाव देताना ‘आजी १’ असं नको. वर्ष माहीत असेल तर वर्ष, मग गाव, गाणाऱ्यांची नावं, बाजू अ की ब, हे सगळं नावातच घाला. घरच्यांना पाठवायला १२८ केबीपीएसची एमपी३ करा, मिनिटाला साधारण एक एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. कॅसेट टाकू नका. उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब, माळ्यावर नको.

शब्द उतरवून घेण्याचं काम यासोबतच सुरू करा, घरातल्या एखाद्या आत्या-मावशीला शेजारी बसवून. गावाकडच्या ओव्यांतली माणसांची आणि वाड्या-वस्त्यांची नावं नुसती ऐकून पुढच्या पिढीला कळत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर शब्दांसकट ऐकता येतात. तिथली मांडणी बघा: गाणारीचं नाव, गाव, मग ओवी. तुमच्या वहीसाठी तीच पद्धत वापरता येईल.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरं काही दिसतंय का, ते आजच बघा. दिसत असेल तर त्या कॅसेटचा जवळून फोटो टाका, वाजवण्याआधी.