जुन्या कॉन्टेसाच्या पॉवर ब्रेकचा बूस्टर ठाणे-नवी मुंबईत कुठे मिळेल?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: 1993 ची कॉन्टेसा क्लासिक, पेट्रोल, गाडी नेरूळला. ब्रेकचं पेडल दगडासारखं झालंय. (बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे ओढीच्या, मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा.) गॅरेजवाला म्हणतो, याचा माल आता येत नाही, बूस्टर काढून टाकू नाहीतर दुसऱ्या गाडीचा बसवू.

कंपनीच्या खोक्यातला नवा बूस्टर मिळणार नाही असंच धरून चाला. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा 2002 मध्ये बंद झाली. पण म्हणून गाडी अडत नाही. माझी ठाण्यात चरईत उभी असते आणि तिच्यावर आज जो बूस्टर आहे तो तिचाच आहे, नव्याने बांधून घेतलेला. काढून टाकायच्या फंदात मात्र पडू नका. पुढे डिस्क असलेली जड गाडी नुसत्या पायाच्या जोरावर पाम बीचच्या सिग्नलला थांबवायची म्हणजे रोजची परीक्षा.

आधी बूस्टर खरंच गेलाय का ते बघा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, आत साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि तसंच सेल्फ मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली जरासं बसलं पाहिजे. बसलं, तर बूस्टर जिवंत आहे आणि दुखणं पुढे कुठेतरी आहे: जाम झालेला कॅलिपर, काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड, किंवा आतून फुगलेला चाकाजवळचा रबरी पाइप. नाही बसलं, तरी लगेच बूस्टरला दोष देऊ नका. इंजिनच्या मॅनिफोल्डवरून (इंजिन हवा ओढतं त्या नळ्यांवरून) बूस्टरकडे येणारी जाड नळी काढून हातात घ्या. बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतून अस्तर सुटलेलं असतं आणि इंजिनने ओढलं की चपटी होते. तिच्या वाटेवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह फुंकून बघा. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे. आणि इंजिनचा व्हॅक्यूम मीटर लावून मोजा. आयडलला 17 ते 20 इंच (पाऱ्याचे) हवा. इंजिनच थकून 12 देत असेल तर सोन्याचा बूस्टर बसवला तरी पेडल कडकच राहणार.

तुमची पेट्रोल आहे म्हणून हे सोपं. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम तयार होत नाही, तिथे वेगळा पंप असतो आणि पुष्कळदा तोच मेलेला असतो.

माझा बूस्टर मात्र खरोखरच गेला होता, आणि त्याला मारलं मास्टर सिलिंडरने, म्हणजे बूस्टरपुढच्या, ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याने. दोन महिने ब्रेक ऑइल कमी होत होतं, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही. सकाळी गाडी चालू केली की पांढरा धूर. मी आपला बाटली आणून भरत राहिलो. शेवटी मास्टरचे दोन नट काढून तो पुढे ओढला, उदबत्तीच्या काडीला चिंधी गुंडाळली आणि बूस्टरच्या तोंडात घातली. चिंधी निथळत बाहेर आली. मास्टरचा मागचा सील गळत होता, ऑइल बूस्टरमध्ये उतरत होतं आणि व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिन ते ओढून जाळत होतं. बूस्टर उघडला तेव्हा आतला रबरी पडदा सर्दावलेल्या पापडासारखा लिबलिबीत निघाला. सांगायचं कारण, मास्टर तसाच ठेवून नुसता बूस्टर बदललात तर नव्याचंही तेच होईल. दोन्ही एकत्रच करा.

आता कुठे जायचं. मी आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो, कटिंगचा माल, म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांचे पार्ट, तिथे मिळतो. दारातच एकाने सुनावलं, "नाम से नहीं मिलेगा साहब, नमूना लाओ." लाख बोलला. नुसतं "कॉन्टेसा का बूस्टर" म्हणत फिरलात की कुठलंतरी काळं डबडं हातात पडतं. जुना बूस्टर आणि मास्टर काढून पिशवीत घ्या, व्हर्निअर घ्या आणि मग जा. कटिंगमधून बूस्टरचा पत्रा, ब्रॅकेट, मास्टरवरच्या ऑइलच्या बाटलीचं झाकण खुशाल घ्या. ज्याच्यात ऑइल फिरतं ते काहीही घेऊ नका.

नव्या किटसाठी, म्हणजे आतल्या रबरी सीलच्या संचासाठी, ऑपेरा हाउसची पार्टवाल्यांची दुकानं. तिथे जुना डबाबंद स्टॉक निघाला तर हुरळून जाऊ नका. पंचवीस वर्षं पाकिटात पडलेलं रबर न वापरलेलं असतं, नवं नसतं. नखाने दाबून बघा.

बूस्टर बांधून देणारा माणूस मला कारवाल्यांमध्ये सापडलाच नाही. सापडला तो कळंबोलीला, टेम्पोंची कामं करणारा. हलक्या टेम्पोंना व्हॅक्यूमचेच बूस्टर असतात आणि हा माणूस ते रोज उघडतो. आपल्याकडचा फिटर पक्कड आणि हातोडी घेऊन पत्रा उघडायला बसेल, त्याला आवरा. आत दाबलेली स्प्रिंग असते, तोंडावर येते. बांधून झाल्यावर तिथेच हातपंपाने 20 इंच व्हॅक्यूम देऊन पाच मिनिटं काटा बघत उभं राहा. काटा हलला तर पैसे द्यायचे नाहीत.

मास्टरच्या नळकांड्यात गंजाचे खड्डे असतील तर नवीन किट टाकून उपयोग नाही, आत स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह (पातळ नळी) मारून घ्यावी लागते. वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याने माझी मारली. बाटलीतून सिलिंडरमध्ये ऑइल उतरायला मोठ्या छिद्राशेजारी सुईएवढं एक बारीक छिद्र असतं. स्लीव्हमध्ये ते पुन्हा नेमक्या जागी पाडायचं आणि आतली कड घासून काढायची. लेथवाल्याला हे सांगितलं नाही तर तो मोठं पाडेल आणि बारीक विसरेल. मग पाय उचलला तरी ब्रेक सुटणार नाहीत.

ब्रेक न सुटण्याचा प्रसाद मला दुसऱ्याच कारणाने मिळाला. ओरिजिनल किट मिळेना म्हणून एका दुकानातून नुसत्या मापाने मास्टरचे काळे रबरी वॉशर आणले. तीन आठवडे उत्तम. मग एका दुपारी घोडबंदर रोडने कासारवडवलीहून येताना गाडी ओढेना. कापूरबावडीला उतरलो तर पुढच्या चाकांजवळ हात नेववेना, जळका वास सुटलेला. घरी येऊन उघडलं तर वॉशर फुगून त्या बारीक छिद्रावर बसले होते. रबर नायट्राइलचं होतं. इंजिन ऑइल आणि पेट्रोलसाठी ते चांगलं, पण ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ब्रेकला ईपीडीएम नावाचं रबर लागतं, आणि त्याचं बरोब्बर उलट, ते पेट्रोल-डिझेलमध्ये फुगतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळंच पेट्रोलने धुतात. तुमच्या समोर मास्टर पेट्रोलच्या डब्यात बुडवायला लागले तर हात धरा. ब्रेक ऑइल किंवा मिथिलेटेड स्पिरिट, बाकी काही नाही.

दुसऱ्या गाडीचा बूस्टर बसतो का? बसवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. पण फायरवॉलचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचे) चार बोल्ट जुळले म्हणजे बूस्टर जुळला, असं होत नाही. 8 इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 50 चौरस इंच. 20 इंच व्हॅक्यूमला त्यावर कागदावर 220 किलोच्या आसपास जोर येतो, 9 इंचीवर 280 च्या. म्हणजे मोठा बूस्टर आला तर पेडलला नुसता पाय लागला की चाकं लॉक, असंही होऊ शकतं. त्यासोबत मास्टरही दुसरा आला तर त्याचा बोअर (आतला व्यास) बघा. पाऊण इंचाच्या जागी 7/8 इंच आला तर तेवढ्याच दाबासाठी पायाला सुमारे 36 टक्के जास्त जोर लागेल, म्हणजे पुन्हा कडक पेडल.

तिसरी गोष्ट बूस्टरमधून मास्टरला ढकलणारी दांडी. ती मिलिमीटरभर लांब असली तरी ब्रेक अर्धवट लागलेले राहतात, आखूड असली तर पेडल उगाच खाली जातं. मी मुलीच्या डब्यातली क्ले आणली, दांडीच्या टोकावर चिकटवली, मास्टर बसवून आवळला, परत काढला आणि किती चपटी झाली ते मोजलं. नंतर मुलीने काळी झालेली क्ले परत घेतली नाही. बूस्टर तोच ठेवून बांधून घेतलात तरी हे एकदा करा.

कॉन्टेसा मुळात व्हॉक्सहॉलच्या व्हिक्टर एफई घराण्यातली, त्यामुळे इंग्लंडमधल्या विक्रेत्यांकडे शोधणं हा शेवटचा मार्ग. तिथेही गाडीच्या नावावर मागवू नका. फोटो आणि मापं पाठवा, जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळं बसल्यावर जुनं ऑइल पूर्ण काढून टाका. आपल्या खाडीकाठच्या हवेत ते पाणी फार लवकर पितं. डॉट 3 दर्जाचं कोरडं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं 140 लाच उकळू शकतं.

पेडलची चाचणी, व्हॅक्यूमचा आकडा, बूस्टरचा व्यास आणि मास्टरवर कोरलेला बोअर, एवढं खाली लिहा, फोटोही टाका. टेस्टमध्ये पेडल बसत असेल तर कळंबोलीची फेरी वाचली.